वाराणसीत विलीन झालेले रामनगर : नगरपालिकेनंतरचा कारभार

वाराणसीसमोर गंगेच्या पूर्व तीरावर वसलेल्या रामनगरला 2022 पर्यंत स्वतःची नगरपालिका होती. त्या वर्षी उत्तर प्रदेश सरकारने रामनगर नगरपालिका परिषद आणि शेजारची सूजाबाद नगर पंचायत या दोन्ही संस्था वाराणसी महानगरपालिकेत विलीन करण्याचा निर्णय घेतला. मे 2023 मध्ये महानगरपालिकेची निवडणूक झाली, तेव्हा प्रभागांची संख्या 90 वरून 100 झाली होती. रामनगरच्या मतदारांनी आपला नगराध्यक्ष निवडण्याऐवजी वाराणसीच्या महापौरपदासाठी मतदान केले. एका लहान शहराच्या स्वतंत्र नागरी कारभाराचा अध्याय तेथे संपला.

काशीयात्रेला जाणाऱ्या मराठी माणसाला रामनगर अपरिचित नाही. राजा बलवंतसिंह यांनी अठराव्या शतकात बांधलेला किल्ला, त्यातील संग्रहालय, लालबहादूर शास्त्री यांचे पैतृक घर आणि जवळजवळ महिनाभर चालणारी रामलीला यांमुळे हे गाव यात्रेकरूंच्या वाटेवर येते. 1911 मध्ये बनारस संस्थानाला स्वतंत्र दर्जा मिळाल्यापासून 1949 मध्ये ते विलीन होईपर्यंत रामनगर ही राजधानी होती. तरीही पलीकडच्या शहराने या तीराला फारशी प्रतिष्ठा दिली नाही. काशीत मरण आले तर मोक्ष आणि पलीकडच्या व्यासकाशीत आले तर गाढवाचा जन्म, अशी समजूत बनारसमध्ये पूर्वापार सांगितली जाते. मोक्षाची हद्द अर्थातच बदललेली नाही. महानगरपालिकेची मात्र बदलली.

या बदलाचा अर्थ लावायचा तर प्रथम आकडे पाहावे लागतात. 2011 च्या जनगणनेनुसार रामनगरची लोकसंख्या 49,132 होती आणि नगरपालिकेचे 25 प्रभाग होते. म्हणजे सरासरी दोन हजारांहूनही कमी लोकांमागे एक नगरसेवक. उत्तर प्रदेशात त्याला सभासद म्हणतात. महाराष्ट्रात असते तर हे शहर 'ब' वर्ग नगर परिषदेत मोडले असते. त्याच जनगणनेत वाराणसी महानगरपालिकेच्या जुन्या हद्दीत सुमारे 12 लाख लोक होते. त्यानंतर आसपासची अनेक गावे तिच्यात आली. ही सर्व लोकसंख्या 100 प्रभागांत विभागली, तर एका प्रभागात बारा हजारांहून अधिक लोक येतात. या हिशेबाने पूर्वीच्या रामनगरच्या वाट्याला फार तर चार प्रभाग येतात. जेथे 25 माणसे निवडून जात होती, तेथे तीन-चार जण जातात आणि ते शंभर जणांच्या सभागृहात बसतात.

हे प्रतिनिधित्व घटले, तरी सोयी वाढतील, असा विलीनीकरणामागचा युक्तिवाद आहे आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाही. पन्नास हजार वस्तीच्या नगरपालिकेचे उत्पन्न तुटपुंजे असते. घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानांचे भाडे आणि परवाना शुल्क यांतून कर्मचाऱ्यांचे वेतन निघणेही कठीण जाते. उरलेला भार राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार येणाऱ्या रकमेवर आणि केंद्रीय योजनांवर पडतो. तुंबलेला नाला यंत्राने उपसायचा तर यंत्र भाड्याने आणावे लागते, आणि जलवाहिनीचा आराखडा करायचा तर अभियंता दुसऱ्या खात्यातून मागवावा लागतो. महानगरपालिकेकडे वाहने, अभियंते आणि कर्ज उभारण्याची क्षमता असते. वाराणसीसारख्या, देशभराचे लक्ष असलेल्या शहराच्या बाबतीत तर निधीचा ओघ अधिकच मोठा आहे.

परंतु रामनगरची नगरपालिका स्वतंत्र होती तेव्हा तिच्या हाती नेमके काय होते, हा प्रश्न त्याआधी विचारावयास हवा. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची जोडली आणि नागरी संस्थांकडे सोपविता येतील असे 18 विषय नोंदविले. त्या यादीतील पहिला विषय नगरनियोजन आणि दुसरा जमिनीचा वापर व इमारतींचे नियमन हा आहे. रामनगरमध्ये हे दोन्ही विषय नगरपालिकेकडे नव्हते. ते 1974 पासून वाराणसी विकास प्राधिकरणाकडे आहेत आणि हे प्राधिकरण कोणत्याही मतदाराला थेट उत्तरदायी नाही. वीजपुरवठा पूर्वांचल विद्युत वितरण निगमाकडे. नगरपालिकेने फक्त रस्त्यावरचे दिवे लावायचे आणि त्यांचे बिल भरायचे. मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, तर मोठ्या पाणी व मलनिःसारण योजनांची उभारणी उत्तर प्रदेश जल निगमाची. मुख्याधिकारी, ज्याला तेथे अधिशासी अधिकारी म्हणतात, तो राज्य सरकारचा.

उरले ते झाडलोट, गल्लीतील गटारे, दिवे, नळ व हातपंप, जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टीची आकारणी आणि बाजारातील जागा. ही कामे क्षुल्लक वाटतात, परंतु सामान्य माणसाचा सरकारशी रोज संबंध येतो तो येथेच. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखला हाच आधार आहे. त्यातील एखादे चुकलेले अक्षर दुरुस्त करून घेण्यासाठी कुठल्या टेबलापाशी जायचे, तेथे ओळखीचे कोणी आहे की नाही आणि त्यासाठी किती दिवसांची मजुरी बुडवायची, हे रामनगरच्या विणकराच्या दृष्टीने शहराच्या हद्दीपेक्षा महत्त्वाचे आहे. विलीनीकरणानंतर रामनगर हा महानगरपालिकेचा एक विभाग झाला. अंतिम निर्णय मात्र गंगेपलीकडे, सिगरा येथील मुख्यालयात होतात.

सांडपाण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. काशीपाशी गंगा उत्तरवाहिनी होते आणि रामनगर प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे. रामनगरचे नाले नदीत मिसळतात आणि मग ते पाणी अस्सीपासून पुढच्या घाटांकडे जाते. म्हणजे पन्नास हजार वस्तीच्या या गावाची गटारे ही केवळ त्याची स्थानिक बाब कधीच नव्हती. 'नमामि गंगे' कार्यक्रमाखाली रामनगरसाठी दररोज एक कोटी लिटर क्षमतेचा शुद्धीकरण प्रकल्प उभारण्यात आला. नगरपालिकेला आपल्या उत्पन्नातून असा प्रकल्प उभारता आला नसता, हे मान्यच करावे लागेल.

या क्षमतेचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. शहरी पाणीपुरवठ्याचा रूढ निकष माणशी दररोज 135 लिटर हा आहे आणि त्यातील सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे धरतात. 2011 ची लोकसंख्या घेतली तर रामनगरचे सांडपाणी दिवसाला सुमारे 53 लाख लिटर भरते. एक कोटी लिटरची क्षमता म्हणजे जवळजवळ 92 हजार लोकांची सोय. वाढीचा अंदाज घेऊन प्रकल्प आखला गेला, ही चांगलीच गोष्ट. अडचण वेगळीच आहे. नाला नदीच्या तोंडाशी अडवून त्याचे पाणी प्रकल्पाकडे वळविले, तर नदी स्वच्छ राहण्यास मदत होते. परंतु गल्लीतले उघडे गटार उघडेच राहते. नदीकाठी अडवणूक करणे हे मोठ्या यंत्रणेचे काम. घराघराला जोडणी देणे, मैल्याच्या टाक्या वेळेवर उपसणे, गटारावर बांधलेला ओटा मालकाला समजावून काढायला लावणे, हे काम मात्र गल्लीची ओळख असलेल्या माणसांवाचून होत नाही. पहिल्या कामाला निधी मिळतो आणि त्याचे उद्घाटनही होते. दुसऱ्या कामाला या दोहोंपैकी काहीच नसते, आणि मतदाराची नाराजी नेमकी त्यावरच असते.

रामनगरची वाढही त्याच्या स्वतःच्या निर्णयांनी झालेली नाही. सामने घाट आणि रामनगर यांना जोडणारा पूल अनेक वर्षे रखडल्यानंतर 2017 मध्ये वाहतुकीला खुला झाला. तोपर्यंत कोरड्या ऋतूत पिंपांवर तरंगणारा पूल आणि एरवी नावा किंवा लांबचा वळसा, असा प्रवास होता. राजघाटचा 1887 मधील मालवीय पूल एका बाजूला आणि महामार्गावरचा विश्वसुंदरी पूल दुसऱ्या बाजूला. नव्या पुलाने बनारस हिंदू विश्वविद्यालयाचा परिसर हाकेच्या अंतरावर आणला. विद्यापीठाच्या दारातून पाच-दहा मिनिटांत पोहोचता येणाऱ्या गावात जमिनीला मागणी येणार, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. त्यानंतर वर्षभराने, 12 नोव्हेंबर 2018 रोजी, रामनगरजवळ राल्हूपूर येथे राष्ट्रीय जलमार्गावरील बहुपर्यायी वाहतूक टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि कोलकात्याहून मालपेट्या घेऊन निघालेले जहाज तेथे पोहोचले. हे काम केंद्राच्या अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचे. पडावहून रामनगरमार्गे टेंगरा मोडकडे जाणाऱ्या रस्त्याचे रुंदीकरण सार्वजनिक बांधकाम विभागाचे. पूल, बंदर आणि रस्ता यांपैकी एकाचाही निर्णय नगरपालिकेच्या सभागृहात झाला नाही. त्यांच्यामुळे वाढलेला कचरा उचलण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर आली.

रस्ता रुंद होतो तेव्हा प्रथम उठतात ते कडेचे विक्रेते. रामनगरची लस्सी, येथील मोठी वांगी आणि बनारसी साड्या ही या बाजाराची ओळख. या वांग्याला, म्हणजे 'रामनगर भांटा'ला, 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वांग्याला मान मिळाला, ते विकणाऱ्याला बसण्याची जागा मिळेलच असे नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक नागरी संस्थेत नगर पथविक्रेता समिती असावी आणि तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावेत. नगरपालिका असताना अशा समितीत रामनगरचेच विक्रेते बसू शकत होते. विलीनीकरणानंतर त्यांची स्पर्धा गोदौलिया, लंका आणि कचेरी भागातील विक्रेत्यांशी आहे, जेथे संख्या अधिक आणि संघटनाही जुन्या.

रामलीलेचा महिना हा तर या गावाच्या कारभाराची वेगळीच कसोटी. येथील लीला एका रंगमंचावर होत नाही. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका अशी स्थळे गावभर आणि गावाबाहेर काही किलोमीटरपर्यंत पसरलेली आहेत. प्रेक्षक पात्रांबरोबर चालत जातात. ध्वनिक्षेपक नसतो. विजेच्या दिव्यांऐवजी मशाली आणि पेट्रोमॅक्स असतात. युनेस्कोने 2005 मध्ये रामलीलेची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशात गणली, तेव्हा रामनगरचा उल्लेख ठळकपणे झाला होता. महासाथीमुळे 2020 आणि 2021 मध्ये लीला झाली नाही. 2022 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. अशा उत्सवात कोणत्या संध्याकाळी कोणती वाट झाडायची, कुठले पाणी साचते, कुठल्या वळणावर अंधार राहू द्यायचा आणि कुठे दिवा हवाच, हे कंत्राटाच्या करारनाम्यात लिहिता येत नाही. वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या मुकादमाला ते ठाऊक असते. महानगरपालिकेत बदल्या मोठ्या क्षेत्रात होतात. तो मुकादम उद्या सारनाथला गेला, तर हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. त्याहून कठीण प्रश्न लीलास्थळांच्या मोकळ्या जागांचा आहे. जमिनीला मागणी वाढत असताना वर्षातून एक-दोन दिवसच वापरले जाणारे मैदान मोकळे ठेवायचे, हा निर्णय नकाशा मंजूर करणाऱ्या प्राधिकरणाच्या हाती आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला यात ओळखीचे काही आढळेल. पुणे महापालिकेत ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावे आली. त्यांतील फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी पुण्याचा कचरा अनेक वर्षे सोसलेला होता. महापालिकेत आल्यावर करआकारणी वाढली आणि सोयी त्या गतीने आल्या नाहीत, अशी तेथील रहिवाशांची तक्रार होती. अखेर 2024 मध्ये ही दोन गावे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली. कल्याण-डोंबिवलीलगतची 27 गावे 2002 मध्ये बाहेर काढली गेली आणि 2015 मध्ये पुन्हा आत घेतली गेली. म्हणजे वाराणसीत एक नगरपालिका महानगरपालिकेत विरघळत असताना पुण्याच्या सीमेवर उलटा प्रवास चालू होता. दोन्हीकडे हद्द ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारचाच, आणि दोन्हीकडे ती ठरविताना निवडणुकीचे गणित कितपत डोळ्यांसमोर असते, याची चर्चा होतच राहते.

लहान संस्था चांगली आणि मोठी वाईट, असे येथे सुचवायचे नाही. दुर्बल नगरपालिकेत जवळचा नगरसेवक अनेकदा केवळ तक्रार ऐकून घेणाराच राहतो. त्याच्यापाशी सहानुभूती असते, पैसा नसतो. ओळखीच्या माणसाचा कारभार ओळखीच्याच माणसांना सोयीचा ठरतो, हेही लहान गावांत नवे नाही. परंतु घटनाकारांना मोठ्या शहरातील या दुराव्याची कल्पना होती, म्हणूनच तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नागरी संस्थांत प्रभाग समित्या स्थापन कराव्यात, अशी तरतूद 74 व्या दुरुस्तीत आहे. प्रत्यक्षात अनेक राज्यांत या समित्या कागदावर राहिल्या किंवा एवढ्या मोठ्या क्षेत्रासाठी झाल्या की त्यांचा हेतूच हरवला. स्वतंत्र नगरपालिका असताना रामनगरला अशा समितीची गरज नव्हती. लोकसंख्या तीन लाखांच्या कितीतरी खाली होती आणि सभागृहच प्रभाग समितीएवढे होते. महानगरपालिकेचा भाग झाल्यावर ती गरज निर्माण झाली आहे.

विभाग कार्यालयाला खर्चाचे किती अधिकार दिले जातात, रामनगरमधून गोळा होणारी घरपट्टी किती आणि तेथे खर्च होणारी रक्कम किती याचा वेगळा हिशेब प्रसिद्ध होतो का, जन्मदाखल्याची दुरुस्ती नदी न ओलांडता होते का, यांवर या विलीनीकरणाचे मूल्यमापन करता येईल. महानगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असल्याने पुढील निवडणूक 2028 मध्ये अपेक्षित आहे. तोवर 2011 ची लोकसंख्या बाजूला सारणारे नवे जनगणनेचे आकडे हाती आले, तर शंभर प्रभागांची फेरआखणी होऊ शकते आणि रामनगरच्या वाट्याला किती जागा येतात, हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.