अरणगावचे बाबा, अमेरिकेचा रायली

अहिल्यानगरहून दौंड रस्त्याला लागलं की अरणगावाजवळ मेहेराबाद येतं. १० जुलै १९२५ पासून देह ठेवेपर्यंत मौन पाळलेल्या इथल्या मेहेरबाबांचं नाव ‘द हू’ या इंग्लिश बँडच्या १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्यात जाऊन बसलंय. त्यातला रायली म्हणजे अमेरिकी संगीतकार टेरी रायली. या अवलिया संगीतकाराच्या नादी लोक का लागतात? त्याची १९६४ ची ‘इन सी’ ही रचना ऐका. पियानोवर एकजण एकच स्वर ठोकत राहतो आणि वादकांपुढे असतात ५३ छोटे स्वरतुकडे. कुठला किती वेळा घोळवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कान मात्र शेजाऱ्याकडे हवा. सुरुवातीला चक्क कंटाळा येतो. मग तोच तुकडा दोघं जरा मागंपुढं वाजवतात आणि कुणीच न वाजवलेली तिसरी चाल कानात उमटते. ती पकडायला माणूस पुन्हा ऐकतो, तर प्रयोग दरवेळी वेगळा! पुढे रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, यात नवल ते काय? एका षड्जाभोवती तासभर रमणं आपल्याला कुठं नवं आहे? तेव्हा ‘कळत नाही’ म्हणून लगेच बंद करू नका. दहा मिनिटं तरी द्या.