नाक दाबण्याचे बेट

इराणशी कुणाचे बिनसले की वृत्तवाहिन्यांवर आखाताचा नकाशा येतो आणि त्यातल्या एका ठिपक्याभोवती लाल वर्तुळ फिरू लागते. तो ठिपका म्हणजे खार्ग. इराणचे निर्यातीचे सुमारे नव्वद टक्के कच्चे तेल या एका बेटावरून जहाजांत भरले जात आले आहे. तेव्हा खार्ग घ्या, इराणने गुडघे टेकलेच समजा, असे निवृत्त सेनाधिकारी छातीठोकपणे सांगतात. सल्ला नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वी, तिथे तेलाचा वासही कुणाला आलेला नसताना, एक साहेब हाच सल्ला मुंबई आणि कलकत्त्याच्या कचेऱ्यांत पुन्हापुन्हा देत होते. महाबळेश्वरच्या माल्कमपेठेला ज्यांचे नाव आहे, तेच हे जॉन माल्कम.

१८०० साली ईस्ट इंडिया कंपनीचे वकील म्हणून इराणला गेले तेव्हापासून आखातातले एखादे बेट आपल्या ताब्यात असावे, हे माल्कमसाहेबांच्या मनाने घेतले होते. १८०८ मध्ये ते पुन्हा गेले. पण शहाच्या दरबारात तेव्हा नेपोलियनच्या वकिलाची चलती होती. माल्कमना तेहरानला येऊच दिले नाही. बुशहरच्या किनाऱ्यावरून ते चरफडत परतले आणि खार्ग घेण्यासाठी मुंबईत फौज जमवू लागले. इतक्यात लंडनहून थेट आलेल्या हार्फर्ड जोन्सने तेहरान गाठून तह जमवला आणि माल्कमची मोहीम बंदरातच बारगळली. पुढे दुसरा बाजीराव शरण आला तो याच माल्कमला. मग मुंबईचे गव्हर्नरपद मिळाले, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरचा माळ मिळाला. खार्ग मात्र मिळाले नाही.

नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण आपण घरात, कचेरीत, राजकारणात वापरतो. खार्गच्या गेल्या पावणेतीनशे वर्षांच्या इतिहासात जो आला तो हीच म्हण उराशी धरून आला. नाक कधी बसऱ्याचे, कधी तेहरानचे. दाबणारा लांबून आलेला. तोंड उघडले की नाही आणि उघडल्यावर त्यातून काय बाहेर पडले, हे मात्र नकाशावर वर्तुळे काढणारे सांगत नाहीत.

आधी बेट पाहू. आखाताच्या उत्तर टोकाकडे, बुशहरच्या वायव्येला साधारण पंचावन्न किलोमीटरवर, इराणच्या किनाऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर आत समुद्रात खार्ग आहे. लांबी सुमारे आठ किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. शेजारी खार्गू नावाचे एक वाळूचे चिंचोळे बेट आहे. आखातातली बहुतेक लहान बेटे म्हणजे मीठ, वाळू आणि ऊन. खार्गला मात्र गोडे पाणी आहे. बेट प्रवाळी चुनखडीचे. तो सच्छिद्र दगड पावसाचे पाणी पोटात साठवतो आणि जुन्या लोकांनी खडकात कनाती, म्हणजे भुयारी पाट, खोदून ते शेतांपर्यंत आणले. मलिक अंबरने औरंगाबादला जी नहर खोदवली तिचे तंत्र याच घराण्यातले. नवव्या शतकातला भूगोलकार इब्न खुर्दाजबिह बसऱ्याहून हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या जलमार्गावरचा टप्पा म्हणून खार्गची नोंद करतो आणि तिथले धान्य, द्राक्षे, खजूर यांचाही उल्लेख करतो. पुढच्या काळात या बेटाच्या मोत्यांची ख्याती झाली. गोडे पाणी आणि भोवतीचा खोल समुद्र, या दोन गोष्टींसाठी जहाजे इथे थांबत आली. पैकी खोल समुद्र पुढे महागात पडला.

माल्कमच्याही आधी हे नाक डचांनी दाबून पाहिले होते, आणि तो किस्सा सविस्तर सांगण्यासारखा आहे. टिडो फ्रेडरिक फान क्निपहाउझेन हा जर्मन उमराव डच कंपनीचा बसऱ्यातला प्रमुख. तिथल्या तुर्की अंमलदाराने त्याच्यावर आरोप ठेवले, कैदेत टाकले आणि पैसे उकळून सोडले. दुसरा एखादा हात चोळत घरी गेला असता. हा बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेला आणि त्याने वरिष्ठांना पटवले की बसऱ्यात वखार ठेवून अपमान गिळण्यापेक्षा बसऱ्याच्या वाटेवरचे बेटच घ्यावे. १७५३ मध्ये तो जहाजे घेऊन परतला. समोरच्या किनाऱ्यावर बंदर रीग नावाचे ठाणे आहे. तिथल्या मीर नासिरने त्याला खार्गवर जागा दिली. क्निपहाउझेनने बसऱ्याची जहाजे अडवली आणि ज्याने पैसे उकळले होते त्याच्याकडूनच ते परत मिळवले. म्हण शंभर टक्के खरी ठरली. मग बेटावर किल्ला उभा राहिला. बटाव्हियाचा गव्हर्नर जनरल याकोब मोसेल, म्हणून किल्ल्याचे नाव मोसेलस्टाइन. साहेब कुठल्याही देशाचा असो, वरिष्ठांचे नाव वास्तूला देण्याची हातोटी सगळ्यांना सारखीच साधलेली असते.

किल्ल्याच्या आसऱ्याने गाव वाढले, आर्मेनियन व्यापारी आले. १७५८ मध्ये एडवर्ड आइव्ह्ज नावाचा इंग्रज शल्यवैद्य मायदेशी परतताना क्निपहाउझेनचा पाहुणा झाला. दोनच वर्षांपूर्वी विजयदुर्गासमोर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा हा आइव्ह्ज इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या ताफ्यात होता. त्याच्यानंतर १७६५ मध्ये आला कार्स्टेन नीबूर. डेन्मार्कच्या राजाने धाडलेल्या मोहिमेतला हा एकटाच जिवंत उरलेला. शेवटचा सोबती मुंबईत वारला होता. मुंबईच्या मुक्कामात घारापुरीच्या लेण्यांची मापे घेणारा, पर्सेपोलिसला कीलाक्षरे उतरवून घेणारा हा चिकाटीचा माणूस खार्गच्या डचांकडे राहून पुढे गेला. त्याचे यजमान मात्र पुढच्या वर्षाचा दुसरा दिवस पाहू शकले नाहीत, म्हणजे त्या किल्ल्यात तरी.

कारण मीर नासिरचा मुलगा मीर मुहन्ना. याने बापाचा खून करून बंदर रीगची गादी मिळवली होती. इराणचा सत्ताधीश करीम खान झंद त्याच्या मागे लागला तेव्हा तो आपली माणसे घेऊन खार्गूवर गेला. डचांनी त्याच्यावर चाल करून मार खाल्ला. मग तोच खार्गवर उतरला, किल्ल्याला वेढा पडला आणि १ जानेवारी १७६६ रोजी मोसेलस्टाइन त्याच्या हाती आला. आखातातला डचांचा शेवटचा पाय तिथे उपटला. मीर मुहन्नालाही बेट लाभले नाही. तीन वर्षांत त्याचीच माणसे उलटली. तो बसऱ्याकडे पळाला आणि तिथे मारला गेला. युरोपियनांना हाकलले एवढ्या पुण्याईवर हा पितृघातकी आज इराणात वसाहतवादविरोधी वीर मानला जातो. कादंबरीकार नादेर इब्राहिमींनी त्याच्यावर मोठी कादंबरी लिहिली आहे. राष्ट्रवादाला नायक हवा असला की तो घरातल्या भानगडी विचारत नाही.

माल्कमचे स्वप्न त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी पुरे झाले. इराणच्या शहाने अफगाणांच्या हेरातला वेढा घातला होता. हेरात गेले तर रशिया हिंदुस्थानच्या दारात येईल, हे कलकत्त्याचे भय. हेरात खार्गपासून हजार किलोमीटरहून लांब. तरी जून १८३८ मध्ये मुंबईहून आगबोटी निघाल्या आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या तुकड्या खार्गवर उतरल्या. बेटावर लढण्यासारखे काही नव्हतेच. पण तेहरानच्या बाजारात त्या काहीशे शिपायांची फौज झाली. सप्टेंबरात शहाने वेढा उठवला. नाक दाबले, तोंड उघडले. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडने हेरातचे निमित्त करून अफगाणिस्तानवरची मोहीम आखली होती आणि वेढा उठल्याचे कळल्यावरही ती थांबवली नाही. पुढे काबूलहून माघार घेताना जानेवारी १८४२ मध्ये ती फौज जवळपास पुरी कापली गेली. त्याच वर्षी इंग्रजांनी खार्गही सोडले. दबाव यशस्वी झाला की दाबणाऱ्याची भूक वाढते, हे ऑकलंडच्या बाबतीत तरी तंतोतंत खरे ठरले.

१८५६ मध्ये पुन्हा तेच. इराणने हेरात घेतले, मुंबईहून पुन्हा आरमार निघाले, डिसेंबरात आधी खार्ग आणि मग बुशहर. मार्च १८५७ मध्ये पॅरिसला तह झाला. सेनानी आउट्रम, हॅवलॉक आणि त्यांच्या पलटणी हिंदुस्थानात परतल्या त्या थेट उठावाच्या वणव्यात. मुंबईच्या पलटणींना ‘पर्शिया’, ‘बुशायर’, ‘कूशाब’ अशी रणचिन्हे मिळाली. त्या पलटणींत कोकणातले आणि देशावरचे शिपाई होते. कुठल्या नाकासाठी आपल्याला इतक्या लांब आणले, हे त्यांना कुणी सांगितले असेल असे वाटत नाही. मुंबई हे तेव्हा फक्त बंदर नव्हते. आखातात कुणाला ठेवायचे, कुणाला उठवायचे याची फर्माने इथल्या कचेरीतून निघत. आपल्या शाळेच्या इतिहासात ही मुंबई कुठेच येत नाही.

या सगळ्या धामधुमीत बेटावर आधीपासून कोण राहत होते? खडकात कोरलेली थडगी आहेत, त्यांतल्या दोन मोठ्यांचे नाते अभ्यासक सीरियातल्या पाल्मिराशी जोडतात. पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या मठाचे अवशेष आहेत. ते पुरातत्त्वज्ञ रोमन गिर्शमन यांनी उत्खननात उजेडात आणले. मीर मुहंमदचा दर्गा आहे. तो हजरत अलींचे पुत्र मुहंमद हनफिया यांचा, अशी स्थानिकांची श्रद्धा. २००७ मध्ये रस्त्याच्या कामात प्रवाळाच्या खडकावर कीलाक्षरांच्या काही ओळी सापडल्या. कोरड्या जमिनीला पाणी काढून दिले, असा त्यांचा अर्थ लावला गेला. त्या खऱ्या की बनावट यावर विद्वानांत वाद आहे. वाद मिटण्याआधीच, काही महिन्यांत कुणीतरी त्या ओळींवर घाव घालून मोकळा झाला.

विसाव्या शतकात इराणच्या राजवटीने या बेटाचा उपयोग काळ्या पाण्यासारखा केला. पंतप्रधान मोसादेघ यांचे सरकार उलथल्यावर पकडलेल्या राजकीय कैद्यांना इथे आणून सोडत. त्यांतल्या करीम केशावर्झ यांनी खार्गमधल्या चौदा महिन्यांच्या आठवणी लिहिल्या आहेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेल कंपन्यांचे यंत्रसामान उतरले. आबादानचे बंदर नदीमुखातले. तिथे मोठी तेलजहाजे येऊ शकत नाहीत. खार्गच्या कडेला समुद्र खोल, म्हणून झाग्रोसच्या पायथ्याच्या विहिरींतले तेल समुद्राखालच्या नळांतून इथे आणून १९६० पासून जहाजांत भरू लागले. त्याच वर्षी लेखक जलाल आल-ए-अहमद यांचे खार्गवरचे पुस्तक आले. कोळ्यांची, खजुराच्या बागांची, दर्ग्याच्या जत्रेची ही दुनिया आता उरणार नाही, हे ओळखून त्यांनी ती घाईघाईने टिपून ठेवली. त्यांचे ऐकून कुणी काम थांबवले नाही. आज बेटावर आठेक हजार लोक राहतात, बहुतेक तेलाच्या नोकरीतले. परवान्याशिवाय पाहुणा जाऊ शकत नाही. हरणे मात्र टाक्यांच्या आसपास मोकळी फिरतात.

अलीकडच्या काळात नाक सर्वात जोरात दाबले सद्दाम हुसेनने. १९८४ पासून तेलजहाजांवर फ्रेंच क्षेपणास्त्रे सुटू लागली, १९८५ च्या ऑगस्टपासून खुद्द खार्गवर बाँबफेकीचा सपाटा सुरू झाला. टाक्या पेटल्या, जेट्टी मोडल्या. इराणने काय केले? जुनी जहाजे भाड्याने घेतली, खार्गवरून तेल भरून ती दक्षिणेला सिरी बेटाकडे पिटाळायची आणि तिथे गिऱ्हाइकाच्या जहाजात ओतायचे. सिरीवर हल्ले झाले तेव्हा हा धंदा आणखी पूर्वेला लारक बेटाजवळ हलवला. निर्यात घटली, पण थांबली नाही. इराण १९८८ मध्ये युद्धविरामाला तयार झाला तो थकून. थकण्याची कारणे अनेक होती आणि खार्ग त्यांतले फक्त एक.

खार्ग ताब्यात घेऊन तेलावर हात ठेवू म्हणणाऱ्यांनी आणखी एक साधी गोष्ट पाहावी. बेटाच्या भोवती आणि पोटात थोडे तेल आहे, पण टाक्या भरतात त्या मुख्यतः किनाऱ्यावरून. ते तेल आधी गनावेजवळच्या गोरे इथल्या पंपिंग स्टेशनात येते आणि तिथून समुद्राखाली जाते. बेटावर जो कुणी उतरेल त्याला जेट्टी मिळतील, टाक्या मिळतील, त्यांत त्या दिवशी असेल तेवढे तेल मिळेल. उद्याचे तेल सोडायचे की नाही, हे गोरेच्या चाव्या ज्यांच्या हातात आहेत ते ठरवणार. २०२१ मध्ये इराणने याच गोरेपासून होर्मुझच्या बाहेर जास्कपर्यंत सुमारे हजार किलोमीटरची नवी तेलवाहिनी सुरू केली. तिच्यातून वाहिलेले तेल अगदी थोडे, पण तिची सुरुवात कुठून होते ते नकाशावर बघण्यासारखे आहे.