पुंडलिकाला रजा नव्हती

कार्तिकी पौर्णिमेचा काला झाला की पंढरपुरातून काही दिंड्या आळंदीची वाट धरतात. आषाढीची वारी सगळ्या जगाला ठाऊक आहे. ही उलट्या दिशेची, ज्ञानेश्वरांच्या समाधी सोहळ्याला पोचणारी चाल मात्र वाटेवरच्या गावांपलीकडे फारशी कुणाला माहीत नसते. टीव्हीच्या गाड्या नसतात, मंत्री नसतात, आणि टोपी घातलेल्या मुसलमानाने वारकऱ्याला पाण्याची बाटली दिल्याचा तो दरवर्षीचा फोटोही नसतो. त्या फोटोचा मला कंटाळा आला आहे. पाणी देणाऱ्याचा राग नाही, पण उरलेले अकरा महिने त्याच माणसाला कुणी खोली भाड्याने देतं का, हे त्या फोटोत दिसत नाही.

तर अशा एका चाळीसेक माणसांच्या दिंडीबरोबर मी फलटण ते सासवड तीन दिवस चालले. शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या सासरची दिंडी. तीन किरकोळ रजा टाकल्या. अर्जात कारण लिहिलं, ‘घरगुती’.

खरं कारण असं की माझी अम्मी गेली पाच वर्षं स्मृतिभ्रंशाने आजारी आहे आणि दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून ती जवळजवळ अंथरुणालाच आहे. पाच वर्षांत मी एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती. सकाळी शाळेत जाताना शेजारच्या एक बाई पैसे घेऊन तिच्याजवळ बसतात, दुपारनंतर सगळं माझ्याकडे. डायपर, हवेची गादी, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीवर जखम होऊ नये म्हणून रोज बॅटरी लावून कातडी बघणं. मगरिबनंतर तिचा जीव कासावीस होतो. घरात बसून ‘मला घरी ने’ म्हणते. आणि वजू. दिवसातून दहा-पंधरा वेळा वजूसाठी पाणी मागते. नमाज झाली हे तिला आठवत नाही, नमाज पढायची असते एवढंच आठवतं. ज्याची अक्कल शाबूत नाही त्याच्यावर नमाज फर्ज राहत नाही, हे शरियतमध्ये स्पष्ट आहे. म्हणजे आमच्या घरात ती तिच्यावरून उतरली आहे आणि तरी तीच दिवसभर पढते. माझ्यावर फर्ज आहे, आणि माझी रोज एखादी कजा होते.

लोक भेटायला येतात. अयादत ही सुन्नत आहे, आणि आमचा समाज ती पाळतो, खोटं कशाला बोलू. पंधरा मिनिटं बसतात, चहा-बिस्किटं घेतात, अम्मीला मोठ्या आवाजात ‘पहचाना क्या?’ विचारतात (हा प्रश्न विचारणाऱ्यांना दंड करावा असं मला फार वाटतं), आणि उठताना मला म्हणतात, ‘जन्नत कमा रई तू.’ अयादत आणि तीमारदारी हे दोन वेगळे शब्द आहेत. आजाऱ्याला भेटणं म्हणजे अयादत, त्याचं सगळं करणं म्हणजे तीमारदारी. पहिलीचा सवाब वाटून घ्यायला सगळा मोहल्ला आहे. दुसरीला घरात एकच माणूस असतं आणि ते बहुतेक बाई असतं. मला जन्नतीबद्दल शंका नाही. मला मंगळवारी दुपारी चार तास झोप हवी होती.

‘चल आमच्याबरोबर,’ असं त्या बाई सहज म्हणाल्या आणि मी सहजच हो म्हटलं. मग पिंपरीहून धाकट्या भावाला बोलावलं. तो पैसे वेळेवर पाठवतो, औषधांचं बिल कधी विचारत नाही, फोन रोज करतो. पण मुलाने आईचा सत्र बघायचा नाही, म्हणून डायपर आणि अंघोळ त्याला करता येत नाही, असं आमच्याकडे धरून चाललेलं असतं. त्यामुळे भावजयही आली. म्हणजे माझी तीन दिवसांची सुटी शेवटी दुसऱ्या एका बाईच्याच हिशेबातून कापली गेली. हे मला वाटेत पहिल्या दिवसापासून टोचत होतं.

घरातून निघायच्या आधी एका नात्यातल्या गृहस्थांनी शिर्कचा मुद्दा काढलाच. मी त्यांना सांगितलं, मामू, हा राष्ट्रीय महामार्ग ९६५ आहे, त्यावर चालायला ईमान बदलावं लागत नाही. मी कुठल्या देवळात गेले नाही आणि दिंडीतल्या कुणी चल म्हणालंही नाही. मुक्कामाला त्यांचा हरिपाठ सुरू झाला की मी ओट्याच्या टोकाला जानमाज अंथरायची. एक गमतीचा प्रश्न मात्र पडला. फलटण ते सासवड ७७ किलोमीटर भरतं. आमच्या हनफी मसल्यात मुसाफिर ठरायला ४८ मैल लागतात, म्हणजे ७७ आणि काही मीटर. कस्र करायची की पूर्ण पढायची? मी पूर्णच पढले. पाच वर्षांत पहिल्यांदा पढायला वेळ होता.

कार्तिकात चालायला बरं असतं. पहाटे गारठा, दव, दहा वाजेपर्यंत ऊन सोसतं. फलटणपासून लोणंदपर्यंत उसाचा गाळप हंगाम सुरू झालेला, ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि रस्त्यावर पडलेली कांडकी उचलून खाणारी आमची म्हातारी माणसं. चांदोबाचा लिंब ओलांडला तेव्हा तिथे शुकशुकाट होता. आषाढात इथे उभं रिंगण होतं, मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. रस्ता चौपदरी झालाय, सावली गेलीय. लोणंदच्या अलीकडे ऊसतोडीच्या कोप्या लागल्या. तिथल्या एका बाईने पाणी दिलं आणि सरळ विचारलं, ‘घरी कोण हाय?’ मी सांगितलं, आई आहे, आजारी. ती म्हणाली, तिची सासू गावाकडं एकटीच असते, नजर गेलेली, शेजारीण भाकरी देते. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने मागे राहायचं म्हटलं तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. तिला रजेचा अर्ज करायलाही कुणी नाही. मी पुढे तासभर कुणाशी बोलले नाही.

दुसऱ्या रात्री वाल्ह्याला मुक्काम होता. साडेनऊला भावाचा फोन. ‘आपा, वो सुनतीच नै. तुमाराच नाम लेके रो रई.’ मागे अम्मीचा आवाज ऐकू येत होता. त्याने ‘या’ म्हटलं नाही, पण गाडी पाठवू का, असं विचारलं. वाल्ह्याहून फलटण पन्नास किलोमीटर, तासाभराचा रस्ता. दिंडीतल्या कुणीतरी ओळखीचा जीपवालाही सांगितला. मी चप्पल घालून अंगणात उभी राहिले. कुरआनात आईबापांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नका असं आहे, आणि ते वाक्य मी गेल्या पाच वर्षांत रोज एकदा तरी मोडलं आहे. मोठ्याने, दार आपटून. निघायच्या आदल्या आठवड्यात रात्री अडीचला ती पाचव्यांदा वजूला उठायला लागली तेव्हा मी तिचा दंड इतका आवळला की सकाळी निळं उमटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दिंडीबरोबर जायला मी हो म्हटलं ते त्या निळ्या वळामुळे.

भावाला म्हटलं, तिच्या उशाशी बस, हात हातात धर, सूरे यासीन पढ, ती मध्येच दुरुस्त करील. पाठांतर तिचं अजून पक्कं आहे. सकाळी मी सासवडच्या दिशेने चालायला लागले. बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

जेजुरी मागे पडल्यावर सीताफळाच्या पाट्या लागल्या. तिथं एका माउलींनी मला पुंडलिकाची गोष्ट सांगितली. मला ती शाळेपासून ठाऊक होती. तो आईबापांचे पाय चेपत होता, देव दारात आला, याने वीट भिरकावली आणि थांब म्हणाला. आमच्याकडे उवैस करनींची गोष्ट आहे. यमनात आईची सेवा करत राहिले आणि म्हणून नबींच्या भेटीला जाऊ शकले नाहीत, असं सांगतात. त्याबद्दल त्यांचा दर्जा एवढा की नबींनी हजरत उमरना सांगितलं, हा माणूस भेटला तर त्याच्याकडून स्वतःसाठी दुआ करवून घ्या. दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या आहेत. सेवा करणारा जागचा हलत नाही आणि त्याचं न हलणं हीच त्याची थोरवी.

माउलींना मी विचारलं, पुंडलिकाची बायको कुठे होती त्या वेळी? त्या हसल्या. म्हणाल्या, ‘चुलीपाशी असंल, दुसरं कुठं?’

गोष्टीचा आधीचा भाग लोक घाईत उरकतात. पुंडलिक आधी आईबापांना छळणारा होता, काशीला निघाला होता, आणि वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. म्हणजे तोही घराबाहेर पडल्यावरच घरी परत यायच्या लायकीचा झाला. हे मी माझ्या सोयीने वाचते आहे हे मला कळतं. पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी त्यांच्या सोयीने वाचलेलं आम्ही ऐकतच आलो आहोत.

माझं म्हणणं साधं आहे. आजाऱ्याचं करणाऱ्या माणसाला ठरलेली, हक्काची सुटी हवी, आणि ती मागताना त्याची मान खाली जायला नको. सरकारकडे आईबापांसाठीचा कायदा आहे, २००७चा. मुलांनी सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण आहे, टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. सांभाळणाऱ्यासाठी त्यात काही नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला मुलांसाठी सगळ्या सेवेत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आणि ती असायलाच हवी. आईबापांसाठी तशी वेगळी रजा नाही. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि करणाऱ्या पुरुषाची ९७, असं निघालं. तो आकडा ऐकून आमच्या घरात कुणाला धक्का बसला नाही.

सरकारला वेळ लागेल. जमातीला कशाला लागावा? आमच्या जमातीत मयत झाली की दोन तासांत कफन, कबर, जेवण, सगळं उभं राहतं. कोण कुठलं काम करणार हे सांगावंही लागत नाही. जिवंत आजाऱ्यापाशी दर आठवड्याला चार तास बसायला चार बायका आणि चार पुरुष मिळत नाहीत? अशी एक यादी मशिदीच्या फळ्यावर लावा, एवढंच मी आमच्या ट्रस्टींना लिहून दिलं आहे. सत्रचा प्रश्न खरा आहे. पण तो तसबीहसारखा दाखवत बसायचा, की उचलणं, भरवणं, रात्र जागणं ही उरलेली कामं पुरुषांनी घ्यायची? २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या बायकांना चौघींच्या गटाने मेहरमशिवाय हजला जाता येतं. मी ४७ची आहे. कागदावर मी मक्केपर्यंत जाऊ शकते. अडतं ते उंबऱ्यापाशी, कारण मेहरम लागत नसला तरी अम्मीजवळ बसणारं माणूस लागतं.

सासवडला मी दिंडीचा निरोप घेतला. ती दिवे घाटाकडे वळली, मी एसटीत बसले. पायांना सात फोड होते.

घरी पोचले तर भाऊ दारातच बसलेला, दाढी वाढलेली, डोळे लाल. भावजय आत झोपली होती. तो एवढंच म्हणाला, ‘आपा, दुसऱ्या रात्री ती माझ्यावर हात उगारून आली.’ आणि जरा वेळाने, ‘मीपण ओरडलो.’ मी त्याला चहा करून दिला. अम्मीच्या पाठीला बॅटरी लावून बघितलं, लाल काही नव्हतं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी कोण हे तिला ओळखू आलं नसावं, पण विचारलं, ‘किदर गई थी गे?’

चालायला गेले होते, म्हटलं.

‘वजूला पानी दे,’ ती म्हणाली.

तेव्हापासून भाऊ महिन्यातला एक रविवार येतो. त्यातले दोन चुकले. ट्रस्टींचं उत्तर अजून आलेलं नाही.