नव्वद दिवसांची मेहेरबानी

लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील एखाद्या मोठ्या गावात गेले तर कुठल्यातरी घराच्या पडवीत, ताडपत्रीखाली झाकलेली जुनी मोटार दिसते. मुलगा पुण्याला नोकरीस गेला, मालकाला आजारपण आले, किंवा हाती आलेले धान तुडतुड्याने खाल्ले. कारण कोणतेही असो, गाडी उभी राहिली आणि विम्याचा हप्ता थांबला. यात कायद्याचा भंग मुळीच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने विमा सक्तीचा केला तो सार्वजनिक जागी वाहन वापरण्यासाठी. पडवीत धूळ खात पडलेल्या वाहनासाठी नव्हे. परंतु दोन वर्षांनी त्याच मालकाने बॅटरी बदलून, चाकांत हवा भरून गाडी पुन्हा रस्त्यावर काढावयाचे ठरविले, की विमा कंपनी त्याच्याशी एखाद्या गुन्हेगाराप्रमाणे वागते.

हा व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे. मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा, ज्याला थर्ड पार्टी विमा म्हणतात. त्याचा दर केंद्र सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीसाठी तो ३,४१६ रुपये होता. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचा दर कंपनी ठरविते आणि त्यावर 'नो क्लेम बोनस' नावाची सवलत देते. दावा न करता एक वर्ष गेले की २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. मात्र विम्याची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर सारी शिडी पायाखालून काढून घेतली जाते आणि मालकाला पुन्हा जमिनीवरून चढावे लागते.

समजा, या दुसऱ्या भागाचा मूळ हप्ता ४,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्के सवलतीपर्यंत पोहोचलेला होता. खंड पडला नसता तर त्याने २,००० भरले असते. आता पहिल्या वर्षी तो २,००० रुपये जादा भरतो, दुसऱ्या वर्षी १,२००, मग १,०००, ६०० आणि २००. बेरीज ५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये. (गाडीच्या किमतीतील घसारा सोयीसाठी सोडून दिला आहे.) २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला. गाडी न चालविल्याबद्दल अडीच क्विंटल धान! कराचीही एक गंमत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा जीएसटीतून मुक्त झाले. सरकारने स्वतः सक्तीचा केलेला विमा मात्र खाजगी मोटारवाल्यासाठी १८ टक्क्यांच्याच रकान्यात राहिला.

सवलतीचे नाव काय, तर 'दावा न केल्याबद्दल'. ज्याची गाडी दोन वर्षे पडवीतून हललीच नाही, त्याच्याइतका दावा न करणारा दुसरा कोण? तेव्हा बक्षीस सावधपणाचे नसून अखंड हप्ता भरण्याचे आहे हे उघड होते. दरमहा पगार घेणाऱ्याला ते सहज मिळते. ज्याचे उत्पन्न पावसावर आणि धान खरेदी केंद्राच्या चुकाऱ्यावर अवलंबून असते, त्याच्या हातून ते निसटते.

कंपन्यांचा युक्तिवाद असा की, खंडाच्या काळात मालकाने गाडी विनाविमा चालविली नसेल कशावरून? अपघातात चेपलेली गाडी घेऊन तो विमा उतरवावयास आला नसेल कशावरून? दुसऱ्या शंकेत तथ्य आहे. पण तिचा उपाय कंपन्यांनी योजलेलाच आहे. खंडानंतर अशा विम्यापूर्वी गाडीची तपासणी होते. ती झाल्यावर शंका उरत नाही, शिक्षा मात्र उरते. पहिल्या शंकेबाबत बोलावयाचे तर गाडीने किती किलोमीटर कापले याचा आकडा तिच्यातच असतो, प्रदूषण चाचणीची व ई-चलानाची नोंद सरकारदरबारी असते. शिवाय जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने 'जितकी चालवाल तितके भरा' अशा धर्तीची विमापत्रे विकण्यास परवानगी दिली. ज्यांना किलोमीटर मोजून नवा माल विकता येतो, त्यांना लाखांदूरच्या गाडीचे किलोमीटर मोजता येत नाहीत, यावर कोण विश्वास ठेवील?

खरी मेख तर पुढेच आहे. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकाने, जेथून हा नियम आजवर चालत आला, दोन प्रकारच्या लोकांना ९० दिवसांऐवजी तीन वर्षांची मुदत दिली. एक, जुनी गाडी विकून लगेच नवी न घेणारा किंवा गाडी वापराविना उभी करून ठेवणारा. दुसरा, परदेशात मिळविलेली सवलत घेऊन मायदेशी परतणारा. म्हणजे कागदावर दुबईहून परतणाऱ्याला तीन वर्षे आणि जुनीच गाडी जपून ठेवणाऱ्या धान उत्पादकालाही तीन वर्षे, व्यवहारात मात्र त्याच्या वाट्याला तीन महिने! दोघांच्याही बाबतीत मधल्या काळात कंपनीने कसलीच जोखीम उचललेली नसते. ब्रिटनमध्ये, जेथे विमा चालकाच्या इतिहासावर ठरतो, बहुतेक कंपन्या अशी सवलत खंडानंतर दोन वर्षांपर्यंत मान्य करतात.

मोटार ही सुखवस्तूंची चैन, तिच्या हप्त्याची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. भंडाऱ्यापुरते तरी हे चित्र जुने झाले. तिसऱ्या हाताने विकत घेतलेली लहान मोटार ही आज अर्ध्या आळीची रुग्णवाहिका असते. रात्री नागपूरचे मेडिकल गाठावयाचे तर तीच दारात येते. दुचाकीलाही हीच शिडी आणि हेच ९० दिवस लागू आहेत. हप्ता फुगलेला पाहून असा मालक स्वतःच्या नुकसानीचा भाग वगळतो आणि केवळ थर्ड पार्टी विमा घेतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले. तशा पुरात बुडालेल्या गाडीची भरपाई थर्ड पार्टी विम्यातून दमडीचीही होत नाही. काही जण तर दोन्ही भाग टाळतात आणि पहिल्या वेळी २,००० रुपये, पुढे ४,००० रुपये दंडाचा धोका पत्करतात. त्यांच्या गाडीखाली सापडणाऱ्या मजुराच्या विधवेला मग न्यायाधिकरणाचा हुकूमनामा मिळतो, पण वसुली कोणाकडून? ज्याच्यापाशी हप्त्यालाच पैसे नव्हते, त्याच्याकडून.

येथे आपल्या बाजूचाही दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. मालकी बदलली, हिशेबाची वृत्ती तीच राहिली. ९० दिवसांचा नियम खाजगी भांडवलाने बाहेरून आणलेला नाही, तो सरकारी कंपन्यांच्याही दरपत्रकात सुखाने नांदत होता. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले, स्पर्धेने ग्राहकाचे भले होईल असा डांगोरा पिटला गेला, २०२१ मध्ये परकीय भांडवलाची मर्यादा ७४ टक्क्यांवर गेली. एवढ्या स्पर्धेत हा नियम कसा टिकला? दोघांनाही तो फायद्याचा आहे म्हणून.

मागणी फार मोठी नाही. परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले की परिवहन कार्यालय चालकाची पुन्हा परीक्षा घेते; राज्यसंस्था निदान त्याचे कौशल्य तपासते, केवळ खिसा तपासत नाही. मालवाहू गाडी उभी ठेवावयाची असेल तर आगाऊ सूचना देऊन कराची सवलत मागता येते. तीच सोय खाजगी मोटारीला आणि दुचाकीला द्यावी. भंडाऱ्याच्या कार्यालयात गाडी वापरात नसल्याची नोंद करावी, परतताना तपासणी व्हावी आणि सवलत तीन वर्षांपर्यंत अबाधित राहावी. चार सरकारी कंपन्यांनी तरी हे उद्यापासून सुरू करावे, असा ठराव तालुक्या-तालुक्यांतून विमा नियामक प्राधिकरणाकडे गेला पाहिजे. असे करता येत नाही असे कोणी म्हणू नये. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, २५ मार्च ते ३ मे दरम्यान संपणाऱ्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता १५ मेपर्यंत भरण्याची मुभा केंद्र सरकारने एका अधिसूचनेने दिली आणि विम्यात खंड पडला असे मानले नाही. त्यामुळे कोणत्याही कंपनीचे दिवाळे वाजले नाही.