आपल्याकडे मार्केटिंग नाही म्हणे!

'आपल्याकडे सगळं आहे हो, फक्त मार्केटिंग नाही.'

हे वाक्य मी बँकॉकमध्ये एका दिवसात चार वेळा ऐकलं. एकदा बसमध्ये, एकदा बोटीत, एकदा जेवणाच्या रांगेत पापड उचलताना आणि एकदा दागिन्यांच्या दुकानात. चारही वेळा बोलणारा वेगळा, आणि चारही वेळा आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. पहिल्या दोन वेळा मीही डोलावली. तिसऱ्या वेळी मात्र मान हलेना. तोवर मला कळून चुकलं होतं की हे वाक्य साफ चुकीचं आहे आणि आपण सगळे त्याच्या आडोशाला मजेत झोपलेलो आहोत. तर आजचा शनिवार त्या वाक्यासाठी.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी लोणी भापकरचा. बारामती तालुका म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कालवा आणि ऊस येतो. आमचं गाव त्या बारामतीतलं नाही. आमचा जिरायती पट्टा, आभाळाकडे बघत बसणारा. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, आणि यंदा आई-आप्पांना एकदा विमानात बसवायचंच असं ठरवलं. पाच दिवसांची सहल घेतली. त्यातला एक दिवस 'बँकॉक टेंपल टूर'. सकाळी वाट त्राइमित, मग वाट पो, मग पंजाबी जेवण, मग बोटीने नदीपलीकडे वाट अरुण आणि शेवटी दागिन्यांचं दुकान. (थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ. 'लागली वाट' हा विनोद आमच्या बसमध्ये सकाळी नऊच्या आत तिघांनी केला होता.)

आता खरं सांगतो, सहल म्हणून हा दिवस काही भारी नव्हता. घाई होती, ऊन होतं, आणि देवळांत मिळून जेवढा वेळ दिला त्याहून जास्त त्या दुकानात कोंडून ठेवलं. टूर मॅनेजर पुण्याचा, आणि त्याचं काम डोकी मोजणं. पण देवळांत बोलत होती एक थाई बाई. पन्नाशीची, गळ्यात परवान्याचं कार्ड. तिथे गाइडचं काम कायद्यानेच फक्त थाई नागरिकांसाठी राखून ठेवलंय, आणि परवाना असल्याशिवाय ते करता येत नाही. तिचं इंग्रजी मोडकं, आमच्यासाठी मधूनच 'चलो चलो', 'जल्दी जल्दी'. पण ती जे सांगत होती ते तिला स्वतःला माहीत होतं. हा फरक ऐकणाऱ्याला पाच मिनिटांत कळतो.

वाट त्राइमितमध्ये साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती आहे. कित्येक वर्षं ती सोन्याची आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. वरून चुन्याचा गिलावा होता. शत्रूने लुटू नये म्हणून कुणीतरी तो चढवला असावा असं मानतात. ज्यांना माहीत होतं ते गेले, आणि मूर्ती वीस वर्षं एका पत्र्याच्या छपराखाली पडून होती. 1955 साली नव्या जागी हलवताना दोर तुटले, मूर्ती खाली आली, गिलाव्याचा टवका उडाला आणि आतलं सोनं दिसलं. बाई हे सांगत होती, मी आई-आप्पांना मराठीत सांगत होतो, आणि हळूहळू बसमधली आणखी सात-आठ माणसं माझ्याभोवती गोळा झाली. आई मूर्तीकडे न बघता मध्येच म्हणाली, 'म्हणजे सांगणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून.'

बरोब्बर. सांगणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून.

वाट पोमध्ये 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात 108 मंगलचिन्हं. फोटो सगळे त्याचेच काढतात. पण बाईने आम्हाला आधी भिंती दाखवल्या. तिसऱ्या राम राजाने एकोणिसाव्या शतकात या देवळाचा जीर्णोद्धार केला, तेव्हा वैद्यक, मालिश, काव्य, इतिहास असं जे जे ज्ञान होतं ते दगडांवर कोरून भिंतींत बसवलं. येईल त्याने वाचावं म्हणून. असे 1,440 शिलालेख आहेत, आणि 2011 मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतींच्या यादीत नोंद केली. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. मला एकच शब्द सुचला... डॉक्युमेंटेशन!

आमच्या बसमध्ये नागपूरचं एक जोडपं होतं, दोघंही निवृत्त शिक्षक. 1956 साली त्यांच्या आईवडिलांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली. ते दोघं त्या मूर्तीसमोर बाजूला बसले आणि हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणू लागले. टूर मॅनेजर घड्याळावर बोट ठेवून उभा. 'काका, वीसच मिनिटं आहेत.' थाई बाईने त्याला हाताने थांबवलं, शेजारी जाऊन बसली, हात जोडले आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागली. शब्द पालीच ना, तिच्या देवळातलेही तेच. काकू उठल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला विचाराल तर त्या अख्ख्या सहलीचे पैसे तिथे वसूल झाले, आणि तेही माझे नाही, त्यांचे.

मग बोटीच्या धक्क्यावर बाईने मला सहज विचारलं, 'तुमच्या गावात काय आहे?'

मी म्हटलं, 'ओल्ड टेंपल.'

'कुणाचं?'

'शिवा. अँड... अ टँक. अँड... अ पिग.'

च्यायला. पिग! आप्पांनी विचारलं, काय म्हणाली रे? सांगितलं. आप्पा म्हणाले, 'वराह म्हण की.' मी म्हटलं, बरं, वराह. पुढे काय सांगू? आप्पा नदीकडे बघू लागले.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचं यादवकालीन देऊळ आहे. समोर बांधीव पुष्करणी, पायऱ्यांची आणि कोनाड्यांची. आणि यज्ञवराहाची मूर्ती. माणसाच्या धडाचा वराह नव्हे, अख्खा पशुरूपातला, आणि पाठीवर झुलीसारख्या ओळींत कोरलेल्या चिमुकल्या विष्णुमूर्ती. पुराणांनी या वराहाच्या अंगात सगळा यज्ञ पाहिला. पाय म्हणजे वेद, सुळे म्हणजे यज्ञाचे खांब. एका दगडात एक अख्खी विचारपद्धत कोरून ठेवलेली. हे मला कधी कळलं? बँकॉकहून आल्यावर, पुण्याच्या एका ग्रंथालयात. वयाची अठ्ठावीस वर्षं त्या पुष्करणीत गेलेला क्रिकेटचा बॉल काढण्यापलीकडे माझा तिच्याशी संबंध नव्हता. हापिसातल्या मित्रांनी विचारलं तर 'आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही रे' हे मी स्वतः किती वेळा बोललो असेन!

आता त्या 'मार्केटिंग'कडे येऊ.

मार्केटिंग बस आणतं. ठीक. आमच्या शेजारी मोरगाव आहे, अष्टविनायकांतला पहिला. तिथे बसची कमी नाही. जाहिरात न करता लोक येतात, दर्शन घेतात, पेढे घेतात आणि पुढच्या गणपतीला पळतात. जवळच लोणी भापकर आहे हे त्यातल्या किती जणांना कुणी सांगतं? दुसरं उदाहरण कार्ल्याचं. तिथे पायऱ्यांवर गर्दी मावत नाही. एकवीरेचं देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी. भाविकांचा काही दोष नाही, ते आईला भेटायला आलेत. पण मीही तिथे गेलोय, कॉलेजात असताना, पावसाळी ट्रेकला. आम्ही आठ जण भारतातल्या सर्वांत मोठ्या चैत्यगृहात उभं राहून काय केलं? आवाज घुमतो का बघायला ओरडलो. छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आहेत, खालच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत, दाराचं काम करणाऱ्या सामि नावाच्या सुताराचं नाव आहे, आणि वैजयंतीच्या भूतपाल शेठजीने 'हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह' असं दणकून लिहून ठेवलंय! म्हणजे बघा, मार्केटिंगसुद्धा झालेलं आहे. तेही दोन हजार वर्षांपूर्वी, दगडात. डॉक्युमेंटेशन वाट पोच्या कितीतरी आधी आपण भिंतीवर लिहिलं. फक्त वाचून दाखवणारा माणूस तिथे उभा नव्हता, आणि आम्हा आठ इंजिनिअरांपैकी एकालाही तो असावा असं वाटलं नाही.

आमच्या धंद्यात याला नाव आहे. वीस वर्षांपूर्वीचा कोड असतो, चालत असतो, पण लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. कुणाला काही माहीत नसतं, म्हणून कुणी हात लावत नाही. आणि मग एक दिवस कुणीतरी उत्साही माणूस येतो आणि 'साफ' करतो. महाराष्ट्रात कितीतरी जुन्या देवळांना ऑइल पेंट फासलाय तो द्वेषाने नाही, प्रेमाने. वर्गणी काढून! ज्याला दगडावर काय कोरलंय हे कुणी सांगितलंच नाही, तो माणूस भक्तीपोटी दुसरं काय करणार? थाई लोकांनी सोनं गिलाव्याखाली लपवलं ते निदान शत्रूच्या भीतीने. आम्ही दगड रंगाखाली लपवतो ते रविवारच्या श्रमदानात.

यावर नेहमीचे आक्षेप येतील, तेही घेऊन टाकतो.

'गाइड लोक थापा मारतात.' मारतात. त्या बाईनेही एक-दोन मारल्या असतील. त्यावर उपाय परीक्षा आणि परवाना. गप्प बसणं हा उपाय नव्हे.

'देवळात श्रद्धा पुरे, माहिती कशाला?' त्या नागपूरच्या काकूंना विचारा. माहितीने त्यांची श्रद्धा कमी झालेली मला तरी दिसली नाही.

'सरकारने करावं.' करावं की! पण सरकारने फलक लावला तरी आई फलक वाचत नाही. आई माणसाचं ऐकते. आणि तो माणूस सरकार कुठून आणणार? तो गावातलाच लागेल.

'पैसे कोण देणार?' हा प्रश्न मला सर्वांत जास्त झोंबतो. आमच्या बसमधल्या याच मंडळींनी पायाच्या मालिशला हसत हसत टिप दिली. आणि गावाकडच्या पोराने देवळाची माहिती सांगून पन्नास रुपये मागितले की आपण म्हणतो, 'लुटायला बसलेत.' फुकट सांगितलेलं आपण ऐकत नाही आणि पैसे मागितले की चिडतो. मग पोरगं कशाला शिकेल? ते पुण्याला येतं आणि माझ्यासारखं कोड लिहितं.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे मार्केटिंग नाही हे रडगाणं आता बंद करा. आपल्याकडे तोंड नाही. दहावी-बारावीच्या चार पोरापोरींना आपल्या गावचं देऊळ नीट वाचायला शिकवणं, त्यांच्याकडून ते सांगून घेणं आणि त्याचे पैसे देणं, एवढं जे गाव करील त्याला मार्केटिंगची वाट बघायला लागणार नाही.

नुसतं लिहून मोकळा होणार असतो तर आई मला घरात घेणार नाही. गेल्या महिन्यात गावी गेलो, नववीतल्या भाच्याला वराहासमोर उभं केलं आणि पुस्तकातून जे कळलं ते सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'मामा, पाठीवर एवढे विष्णू आहेत, ते सगळे सारखेच आहेत का?' मला उत्तर येईना. मग आम्ही दोघं उन्हात वाकून एकेक मूर्ती बघत बसलो. हातातली आयुधं जुळवता जुळवता दुपार गेली. अर्ध्या मूर्ती राहिल्यात अजून. आप्पा पारावरून सगळं बघत होते, काही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी त्यांनी शेजारच्यांना सांगितलेलं मी ऐकलं, 'त्याचे पाय म्हणजे वेद, बरं का.'

असो. अष्टविनायकाला निघालात तर मोरगावहून थोडी वाकडी वाट करा. आमचा भाचा तिथे सुट्टीच्या दिवशी सापडेल. जे येतं ते सांगेल, येत नाही ते तुमच्याबरोबर शोधेल. पन्नास रुपये द्या, आणि ते मागताना तो लाजला तर तुम्हीच त्याच्या खिशात घाला.