फाटकाबाहेरही पाहुणेच

दापोली तालुक्यातली एखादी वाडी. दुपारी तीनच्या सुमारास पुण्याची गाडी येऊन थांबते. दार उघडल्याबरोबर आधी कुत्रा उडी मारतो, मग मुलं, मग आजी, आणि शेवटी तांदूळ-डाळीपासून कढईपर्यंत सगळं भरलेल्या पिशव्या. चार दिवसांसाठी अख्खं घर भाड्याने घेतलेलं. कुत्रा नाक जमिनीला लावून सारवलेलं अंगण, विहिरीचा कठडा, रातांब्याचा बुंधा एकेक करून हुंगत सुटतो. पाच मिनिटांत गडग्यापलीकडे वाडीतली तीन-चार कुत्री जमा होऊन भुंकू लागतात. घराची देखभाल करणाऱ्या काकी पदर खोचतात, कोंबड्या डालतात आणि मगच पाहुण्यांना पाणी विचारतात.

आधी कोंबड्या आणि मग पाणी, हा काकींचा क्रम शहरी पाहुण्यांनी नीट पाहून घ्यायला हवा.

मुळशी, पवना, वाई, अलिबाग, दापोली, गुहागर या पट्ट्यात स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्याने देणाऱ्यांच्या जाहिरातींत आता ‘पेट फ्रेंडली’ हे दोन शब्द सहज दिसतात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, शेतावरचा मुक्काम लोकांच्या सवयीचा होत गेला, आणि कुत्र्याला घरातलाच एक मानणारी कुटुंबंही वाढली. यात आनंदच आहे. एरवी कुत्रा पाळणाऱ्या घरात सुट्टी म्हटलं की पहिला प्रश्न ‘याला कुठे ठेवायचं?’ हा. रेल्वेने न्यायचं तर वातानुकूलित प्रथम वर्गातला पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. बऱ्याच हॉटेलांत तर त्याला दारातूनच नकार. अशा वेळी घरचीच गाडी आणि भाड्याचं अख्खं घर, यासारखी सोय नाही.

स्वयंपाकघर आपल्या ताब्यात असण्याचं सुख तर वेगळंच. हर्णे बंदरावरच्या लिलावातून ताजी मासळी आणावी, आजीने सोलकढी करावी आणि कुत्र्याला त्याच्या सवयीचा दहीभात किंवा उकडलेलं चिकन वेळेवर मिळावं. पण कोकणातल्या स्वयंपाकघरात त्याच्यासाठी धोकेही असतात. मे महिन्यात मुलांनी चोखून अंगणात टाकलेली आंब्याची कोय कुत्र्याने गिळली, तर ती आतड्यात अडकून पोट फाडायची वेळ येऊ शकते. शिजवलेल्या कोंबडीची हाडं, माशांचे काटे, कांद्याचा रस्सा, मनुका घातलेला शिरा हे सगळं प्रेमाने पुढे केलं जातं, आणि कुत्र्याला यातलं काहीच चालत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची सवय प्रामुख्याने गाई-म्हशींची. रात्री अकराला तिथे कुत्र्याची शस्त्रक्रिया होईल, या भरवशावर कुणी राहू नये.

ही झाली घरातली काळजी, आणि ती बहुतेक जण घेतात. दुर्लक्ष होतं ते फाटकाबाहेर. ‘पेट फ्रेंडली’ हा शब्द मालक आणि पाहुणा यांच्यातला व्यवहार सांगतो. गावाला कुणी विचारलेलंच नसतं. गावातली जनावरं, पाखरं, शेतं, माणसं त्या व्यवहारात कुठेच नसतात, आणि मोकळा सोडलेला कुत्रा जाऊन पोहोचतो तो त्यांच्यातच. ‘शहरात बिचाऱ्याला पळायला जागा नसते, इथे तरी पळू दे’ ही भावना खरी आहे, पण तिचा भार दुसऱ्यावर पडतो.

दिवाळीनंतर फलटण-माण भागातले धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात. कापणी झालेल्या शेतात रात्री मेंढरं बसवली जातात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. त्या कळपात खेळायला म्हणून घुसलेला लॅब्रेडोर एकाही मेंढीला चावला नाही, तरी नुसत्या पळापळीने गाभण मेंढ्या गाभ टाकतात. धनगराचं वर्षाचं गणित त्या पाच मिनिटांत विस्कटतं. शिवाय कळप राखणारी त्यांची कुत्री लांडग्या-बिबट्याला अंगावर घेण्याच्या तयारीची असतात. सोफ्यावर वाढलेल्या कुत्र्याचा त्यांच्यापुढे निभाव लागत नाही.

किनाऱ्यावरही तेच. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांसोबत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री येऊन वाळूत अंडी घालते. कोल्हे-कुत्री ती उकरून खातात, म्हणून अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरावी लागतात. पिल्लं बाहेर पडायला साधारण दीड-दोन महिने लागतात. गावाने इतकी वर्षं पहाटे उठून जे सांभाळलं, तिथे हिवाळ्याच्या सुट्टीत आलेल्या पाहुण्याचा कुत्रा वाळू उकरत मोकळा फिरावा, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. सड्यावर उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. मोकळ्या कुत्र्यापासून तीही सुरक्षित नसतात.

मोकळं सोडणं खुद्द कुत्र्याच्याही जिवावर बेतू शकतं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, तब्बल ३९ टक्के. जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागात शेतघर घेतलं, तर अंधार पडल्यावर कुत्रा घरातच हवा, व्हरांड्यात बांधून ठेवलेला नको. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या गडग्यात फुरसं असतं, आणि बिळात नाक खुपसणं हा कुत्र्याचा स्वभावच. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो, माणसाला आणि कुत्र्यालाही. दोडामार्ग-सावंतवाडी भागाने गोचिडींतून येणाऱ्या माकडतापाच्या साथी सोसल्या आहेत. जंगलातून परतलेल्या कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या आणि काखा रोज तपासल्याशिवाय त्याला मुलांच्या अंथरुणात घेऊ नये.

रेबीजचं तर वेगळं सांगायला नको. गावातल्या कुत्र्यांशी झटापट झाली आणि ती सोडवायला गेलेल्या माणसाला दात लागला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. हळद-चुन्यावर भागवायचं नाही.

स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारी खेड्यातली घरं ही ब्रिटनमध्ये जुनी रीत, आणि कुत्र्यासह तिथे जाणंही नेहमीचं. पण त्या मोकळीकीला कायद्याची चौकट आहे. शेतजमिनीवर जनावरांमागे कुत्रा लागू देणं हा तिथे १९५३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वांना फिरायला खुल्या असलेल्या इंग्लंडमधल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीनेच न्यावा लागतो, कारण तेव्हा पाखरं जमिनीवर अंडी घालतात. जनावरं जवळ असतील तिथे तर बाराही महिने दोरी. कुत्र्यांवर जीव टाकणाऱ्या त्या समाजाला यात कुत्र्याचा अपमान वाटत नाही.

आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. घर देणाऱ्यांनी जादा पैसे आकारून गप्प बसू नये. आरक्षणाच्या वेळीच रेबीज आणि लेप्टोसह लसीकरणाचं कार्ड मागावं. कोंबड्या कुठल्या वेळी मोकळ्या असतात, कुणाच्या गोठ्यात नुकतं व्यालेलं जनावर आहे, पाणवठा कोणता, बिबट्याचा वावर आहे का, जवळचा पशुवैद्य कोण, हे एका कागदावर मराठीत लिहून दाराशी लावावं. अंगणाचा एक कोपरा जाळीने बंदिस्त केला, तर कुत्र्याला मनसोक्त पळता येईल आणि शेजाऱ्यांचाही जीव टांगणीला लागणार नाही. पाहुण्यांनी लांब दोरी, विष्ठा उचलायच्या पिशव्या आणि गोचीड काढायचा चिमटा तांदूळ-डाळीच्याही आधी गाडीत टाकावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाडीत थोरली मुलगी कुत्र्याची दोरी मनगटाला गुंडाळून पाणंदीने निघते. धाकटा मागून पिशवी घेऊन. समोरून गुरं येतात तशी ती गडग्याला टेकून उभी राहते, कुत्र्याला खाली बसवते आणि शेवटची म्हैस वळणाआड जाईपर्यंत हलत नाही. परत येताना काकींना ती विचारते, ‘कोंबड्या कधी सोडता?’ काकी सांगतात, ‘नऊला.’ नऊ वाजता कुत्रा माजघरात बांधलेला असतो. काकी अंगणात येतात, वाकून डालगं उचलतात, आणि कोंबड्या रातांब्याखालचा पाचोळा उकरायला धावतात.