तरण्याताठ्यांची कंबर



मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायरीवर कंबरेचे गाऱ्हाणे पूर्वी म्हातारी माणसे सांगत. आता पंचविशीतले तरुण सांगतात. वडीलधारे हसतात, ‘आम्ही शंभर किलोचे पोते पाठीवर घेत होतो’ म्हणतात. त्यांतले कित्येकजण आज काठीवाचून उभे राहत नाहीत, ते मात्र सांगत नाहीत!

भाताच्या लावणीला दिवसभर वाकणे, उसाची मोळी डोक्यावर चढवणे, खताचे पोते कंबरेतून वळून ट्रॉलीत टाकणे, ट्रॅक्टरचे हादरे. कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. त्यात आमच्या मते सर्वांत वाईट म्हणजे, सहा महिने शहरात बसून काम करायचे आणि सुगीला येऊन एकाच दिवसात सारे उचलायचे.

उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाकडून कंबरेला लाथ मारून घेतात. कोणी इंजेक्शन घेतो, कोणी पट्टा बांधतो. बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआपच उतरतात. म्हणून ज्याच्याकडे शेवटी गेलो त्याला श्रेय मिळते. आम्हीही शहाणे नव्हतो. बाक एकट्याने उचलताना कंबर धरली, तेव्हा बारा दिवस अंथरुणात पडून राहिलो. उठलो तो पायांत बळच नव्हते. पडून राहण्याने पाठ अधिक कमजोर होते. सोसेल तेवढे चालावे, शेकावे, डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी थोडे दिवस घ्यावी, हलक्या कामापासून पुन्हा सुरुवात करावी आणि पाठीपोटाचे व्यायाम शिकून घ्यावेत. पट्टा कायम वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीबाबत 2023 साली सांगितले आहे. नाव नसलेल्या पुड्या तर घेऊच नका. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

म्हैस विकून एम.आर.आय. काढण्याचीही घाई नको. ‘गादी सरकली’ हे शब्द ऐकून धडधाकट मुलगा शेती सोडायला निघतो. 2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पाठ मुळीच न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही शंभरात सुमारे तीस जणांची गादी फुगलेली आढळली.

पोते उचलताना गुडघे वाकवा, ते अंगाशी धरा, कंबर न वळवता पावले वळवा. दोघांनी उचलण्यात कमीपणा कसला?

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातले बळ गेले, तर त्याच रात्री गाडी करून मोठे इस्पितळ गाठा. ताप, वजन उतरणे, रात्रीचे ठणकणे असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हे तपासून घ्या.

आणखी एक दुखणे तरुणांतच सुरू होते. पहाटे कंबर ताठरते, अर्धा तास सुटत नाही, विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते. तीन महिन्यांहून अधिक असे चालले तर तो मणक्यांचा संधिवात असू शकतो. आमच्या एका तरुणाला घरच्यांनी पहाटे उठत नाही म्हणून आळशी ठरवले होते. आम्हीही त्याला चार शब्द सुनावले होते. निदान व्हायला तीन वर्षे गेली. आता तो औषध घेतो, रोज व्यायाम करतो, आणि धारेच्या वेळेला गोठ्यात असतो.